अर्ध्या काचेची साक्ष

मी एक जुना कॅमेरा आहे. लग्नात नवरा-नवरीचे फोटो काढतात तो नव्हे, मित्रांनो. भिंतीवर टांगतात आणि मग ज्याच्याकडे कुणी ढुंकूनही पाहत नाही, तो. माझे वय फार नाही. पण यंत्रांना म्हातारपण लवकर येते, आणि अपमान झाला तर आणखी लवकर येते. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगताना डोळ्यांत पाणी आणतात म्हणे. माझ्याकडून तशी अपेक्षा करू नका. मला राग आला आहे आणि तो इतक्या दिवसांत ओसरलेला नाही. राग कशाचा ते आधी ऐकून घ्या.

मी ज्या दवाखान्यात काम केले त्याचे नाव मी सांगणार नाही. सातपुड्याच्या पायथ्याशी, तापीच्या पलीकडे, तालुक्याच्या एका गावी तो सार्वजनिक दवाखाना होता, एवढे तुम्हाला पुरे. कुणाचे नाव घेणे फार सोपे असते. त्या दवाखान्यात एका बाईचे नाव असेच घेतले गेले आणि तेही माझ्या भरवशावर.

माझा जन्म कोणत्या कारखान्यात झाला, मला ठाऊक नाही. मला आठवते ती थर्माकोलची पेटी, मालगाडीचा खडखडाट आणि जळगावचा मे महिना. सत्त्याण्णव साल होते. पेटी उघडली तेव्हा बाहेर असे ऊन होते की पत्र्यावर भाकरी भाजावी. उघडणारे गृहस्थ म्हणजे लीलाधर. मेहरूणला त्यांचे रेडिओ आणि टीव्ही दुरुस्तीचे दुकान होते. पुण्याला जाऊन त्यांनी कॅमेरे आणि विजेची कुलपे बसवायचे नवे काम शिकून घेतले होते आणि मी त्यांचा पहिला कॅमेरा होतो.

त्यांनी माझी परीक्षा घरीच घेतली. मला गच्चीच्या कठड्यावर ठेवले आणि वायर खाली टीव्हीला जोडली. गच्चीवर त्यांच्या पत्नी प्रमिलाबाईंनी उडदाचे पापड वाळत घातले होते. त्या खाली येऊन पाहतात तर टीव्हीत आपलेच पापड, आणि एक कावळा त्यातला एक उचलतो आहे! "अहो, बघत काय बसलात, तो मेला पापड नेतोय," असे म्हणत त्या जिन्याकडे पळाल्या. माझ्या आयुष्यात मी पाहिलेला तो पहिला चोर. खरे सांगायचे तर तोच शेवटचा. हे लक्षात ठेवा, कारण पुढे माझ्या नावावर दुसरा एक चोर लिहिला गेला आणि तो मी पाहिलेलाच नव्हता.

दवाखान्यात औषधांच्या खोलीवर मला नेमायचे ठरले होते. मी एकटा नव्हतो. आमचे चौघांचे कुटुंब होते. पुढच्या दाराला विजेचे कुलूप, ते कार्ड खाचेतून ओढल्याशिवाय उघडायचे नाही. दार उघडले की शेजारचे छोटे छपाईयंत्र कागदाच्या पट्टीवर कार्डाचा नंबर आणि वेळ उमटवायचे. त्याच क्षणी मी पाहू लागायचो, दार लागल्यावरही काही मिनिटे पाहत राहायचो, आणि पलीकडे मोठ्या डॉक्टरांच्या खोलीतला व्हीसीआर मी पाहिलेले टेपवर उतरवायचा. तिथेच टीव्हीही होता. लीलाधरांनी सगळ्यांना समजावून सांगितले, "कार्ड कुणाचं ते कुलूप सांगेल, आत माणूस कोण ते कॅमेरा दाखवेल. एकट्या कुणावर विसंबू नका. म्हणून तर दोघांना जोडलंय." किती शहाणे बोलणे होते ते! ऐकणाऱ्यांनी माना डोलावल्या आणि चहा मागवला.

मला कुठे बसवायचे यावर अर्धा दिवस गेला. ज्या कोपऱ्यातून सारी खोली दिसत होती, तिथे मुक्ताईची तसबीर होती. हेडक्लार्क अभिमनभाऊ मुक्ताईनगरकडचे. ते म्हणाले, "तसबीर हलणार नाही. आणि वर बसवाल तर तेही चालणार नाही. मुक्ताईच्या डोक्यावर यंत्र ठेवता का?" म्हणून मला तसबिरीच्या शेजारी, तिच्याच उंचीवर बसवले. तिथून उजवीकडे पुढचे दार दिसायचे, डावीकडे औषधांचा फ्रीज आणि त्याच्यामागे खोलीचे मागचे दार. मुक्ताईच्या शेजाराबद्दल माझी काहीच तक्रार नव्हती. तिने कधी मला त्रास दिला नाही. त्रास दिला तो तिच्या भक्तांनी.

लीलाधरांनी मागच्या दाराकडे बोट दाखवले. "याचं काय? याला कुलूप कुठंय?"

"त्याला आतून कडी आहे की," अभिमनभाऊ म्हणाले.

मित्रांनो, पुढच्या दाराला विजेचे कुलूप, कार्ड, छपाईयंत्र, कॅमेरा. आणि मागच्या दाराला कडी, जी दिवसभर उघडीच असायची. लीलाधरांनी कपाळावर हात मारून घेतला. जाताना त्यांनी दोन गोष्टी बजावल्या. माझ्या काचेवर काही लागू द्यायचे नाही आणि महिन्यातून एकदा ती मऊ कापडाने पुसायची. अभिमनभाऊंनी ताबडतोब पाटी लिहून लावली, 'कॅमेऱ्याला हात लावू नये.' पुसायचे कुणी, ते पाटीवर नव्हते. त्यामुळे त्या दिवसापासून मला कुणीच पुसले नाही.

मग उद्घाटन झाले. बाहेरून कुणी साहेब आले होते. त्यांनी फीत कापली आणि भाषणात म्हणाले, "आता चोरांची खैर नाही!" समोर कोण बसले होते? नर्सबाया, वॉर्डबॉय, ड्रायव्हर, झाडूवाले. अकरा-अकरा, वीस-वीस वर्षे इमानाने राबलेली माणसे. सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मला तेव्हाच संताप आला होता. मी पाहायला आलो होतो, कुणाला पकडायला नाही. पण मला विचारतो कोण?

औषधांच्या खोलीचे भांडारपाल होते कौतिकभाऊ. पाचोऱ्याकडचे, दोन वर्षांत निवृत्त होणारे, बोलायला गोड. पहिला आठवडा त्यांनी कार्ड खिशात ठेवले. दर पाच मिनिटांनी कुणीतरी यायचे, "भाऊ, दार उघडा," आणि त्यांना उठावे लागायचे. आठव्या दिवशी त्यांनी कार्डाला भोक पाडून सुतळी बांधली आणि ते दाराबाहेरच्या खिळ्याला लटकवून दिले. "ज्याले लागी तो ली. मी कितलांदा उठू?" झाले! आता कुलपाच्या पट्टीवर सकाळपासून संध्याकाळपर्यंत एकच नंबर उमटायचा, कौतिकभाऊंचा. ज्याच्या शेजारीच किल्ली टांगलेली आहे अशा कुलपाची काय अवस्था होत असेल, ते तुम्हीच विचार करा. माझ्या भावंडाचा असा पहिला अपमान झाला. माझा यायचा होता.

आता नानीबाईविषयी सांगतो. ही सगळी कहाणी खरे तर तिची आहे.

नानीबाई सातपुड्यातल्या एका पाड्याची. दवाखान्यात अकरा वर्षे रोजंदारीवर आया होती. फरशी पुसणे, रोग्यांना उठवणे-बसवणे, औषधे वॉर्डात पोहोचवणे, सगळे ती करायची. उंचीने लहान, चालीने झपाझप. पण तिचे खरे काम कुठल्या कागदावर लिहिलेले नव्हते. डोंगरातल्या पाड्यांवरची माणसे दवाखान्याला भीत. इंजेक्शनला भीत, कागदांना भीत, डॉक्टरांच्या आवाजाला भीत. त्यांना कुणी सांगे, 'तठे नानीबाई शे,' आणि ती माणसे निघायची. फाटकात येऊन ती डॉक्टरांना विचारत नसत, नानीबाईला विचारत. उघड्या दारातून मी स्वतः पाहिले आहे. मुलाला पोटाशी धरून आलेली बाई आधी नानीबाईचा हात धरायची आणि मगच दुसऱ्या कुणाला मूल दाखवायची. तिचे नाव हेच त्या पाड्यांसाठी दवाखान्याचे दार होते. ते नाव गेले तर काय जाणार होते, हे दवाखान्यातल्या एकाही शिकलेल्या माणसाच्या ध्यानात आले नाही.

पावसाळा संपला, खंडेनवमी आली. आपल्याकडे त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा करतात. चांगली रीत आहे. जे वर्षभर आपल्यासाठी राबते त्याला एक दिवस हात जोडायचे. दवाखान्यात वजनकाट्याला कुंकू लागले, टाइपरायटरला लागले, जीपला लिंबू-मिरची आणि हार. मग अभिमनभाऊ ताट घेऊन माझ्याकडे आले. मला वाटले, आता तरी काच पुसतील. त्यांनी बोट हळदीत बुडवले, कुंकवात बुडवले आणि माझ्या काचेवर टिळा लावला. बरोबर मधे, जाडसर, वर अक्षता. मग झेंडूची भरगच्च माळ घातली. मुक्ताईच्या तसबिरीला एक आणि मला एक. माझ्या माळेची लड काचेच्या डाव्या अंगावर येऊन बसली. टिळा आणि झेंडू मिळून माझा अर्धा डोळा बंद झाला. फ्रीज गेला, मागचे दार गेले. उरले फक्त पुढचे दार.

रागावू की हसू, मला समजेना. ते मनापासून हात जोडत होते हो! ज्याच्या डोळ्यात कुंकू भरले त्याच्याच पाया पडत होते.

दसऱ्याची सुटी संपताच नानीबाई खोली झाडायला आली. तिने वर पाहिले. बाकी कुणी वर पाहत नसे, तिने पाहिले. स्टूल ओढून ती चढली आणि माळेला हात लावणार तोच दारातून अभिमनभाऊ ओरडले, "ए नानीबाई! पूजेची माळ आहे ती. आणि पाटी वाचता येत नाही का?"

पाटी तिला वाचता येत नव्हतीच. "त्याले दिसाव नई ना भाऊ," ती म्हणाली. आणि उतरून झाडू लागली. तिला दिसले होते, जे त्या कार्यालयात कुणाला दिसत नव्हते. पण तिचे ऐकायचे कशाला, ती रोजंदारीवरची!

दसऱ्यानंतर चार दिवसांनी ते घडले. दुपारचे पाऊण वाजले होते. कौतिकभाऊंनी बारा वाजल्यापासून चार दिवसांच्या सुटीचा अर्ज दिला होता. पण निघालेला माणूस डबा विसरला, आणि डबा घ्यायला सायकलवरून परत आला. सायकल मागच्या अंगणात टेकवून ते मागच्या दाराने आत आले. त्याच वेळी पायथ्याच्या उपकेंद्रातून फोन आला. कार्यालयातले सगळे जेवायला गेले होते, फोन ड्रायव्हरनेच उचलला. कापूस वेचणाऱ्या दोन बायांना साप चावला होता आणि तिथे लस नव्हती. फाटकात जीपचा ड्रायव्हर झुलाल भोंगा वाजवत ओरडत होता, "नानीबाई, बेगी लई ये! दोन बायासले साप चावना!"

नानीबाईने खिळ्यावरचे कार्ड ओढले, दार उघडले, आत धावली. मी जागा झालो. माझ्या उजव्या अर्ध्या डोळ्याने ती आत येताना पाहिली. मग ती डावीकडे गेली, झेंडूच्या मागे. मला दिसले नाही, पण ऐकू तर येत होते; टेपवर मात्र चित्रच उतरायचे, आवाज नाही.

"हाई पुरी पेटी लई जाय," कौतिकभाऊ म्हणाले. फ्रीज उघडल्याचा आवाज आला. "चोपडीमा मी लिखी लिसू. ऊन लागू दिऊ नको, पदरखाल धर."

नानीबाई पुन्हा माझ्यासमोर आली. पदराखाली लसीची पेटी, एक हात छातीशी, पावले झपाझप. दार लागले. कौतिकभाऊ डबा घेऊन मागच्या दाराने निघून गेले. घाईत चोपडीत लिहायचे राहिले. जीप गेली. त्या वर्षी त्या खोलीने केलेले सर्वांत मोठे काम ते होते. दोन जीव वाचवायला औषध निघाले होते. आणि माझ्या टेपवर काय उतरले? एक बाई दुसऱ्याच्या कार्डाने दार उघडून आत येते, आणि पदराखाली काहीतरी लपवून घाईघाईने बाहेर जाते.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यात सर्पदंशाचा एक रोगी आला. फ्रीज उघडला तर पेटी नाही. धावपळ झाली, त्याला जळगावला न्यावे लागले. तो वाचला, पण मोठे डॉक्टर फार घाबरले आणि घाबरलेल्या माणसाला कुणीतरी दोषी लवकर हवा असतो. अभिमनभाऊंनी चोपडी पाहिली, पेटी कुणाला दिल्याची नोंद नाही. पट्टी पाहिली, कौतिकचा नंबर, पाऊण वाजता. आणि कौतिक तर बाराला सुटीवर गेलेले! मग कुणीतरी म्हणाले, "अहो, कॅमेरा आहे ना!"

डॉक्टरांची खोली माझ्या खोलीला लागून होती, मधे नुसता प्लायवूडचा पडदा. सगळे ऐकू येत होते. टेप लावली, मागे नेली, पुन्हा लावली. आधी दोघे होते, मग पाच झाले, मग औषधे पोहोचवणारा आला, रोग्यांचे नातेवाईक आले, चहावाला आला. "पहा पहा, पदर कसा धरलाय." "आता इकडं तिकडं बघतेय का बघा." ती इकडेतिकडे पाहत नव्हती! ती दाराची पायरी पाहत होती. काचेच्या बाटल्या हातात घेऊन धावणारे माणूस पायरी पाहणार नाही तर काय आढ्याकडे पाहणार? पण माझ्याजवळ तोंड नव्हते.

अर्ध्या तासाने तिला बोलावले.

"मी चोरं नई काही," नानीबाईचा आवाज स्थिर होता. "कौतिकभाऊनी मना हातमा दिधी पेटी. झुलालभाऊनी गाडीमा ठेवी मी. त्यासले इचारा."

"कौतिक बाराला गेला होता. अर्ज आहे माझ्याकडं," अभिमनभाऊ म्हणाले. "टेपवर तू एकटीच आहेस."

"टेपवर नई व्हई. पन ते व्हतात तठे."

तेव्हा मोठे डॉक्टर ते वाक्य बोलले, जे ऐकून माझ्या तारा जळायच्या बाकी राहिल्या. "नानीबाई, माणूस खोटं बोलतो. कॅमेरा खोटं बोलत नाही."

अहो, मी खोटे बोलत नव्हतो, पण मी खरेही बोलत नव्हतो! मी अर्धे बोलत होतो, कारण माझी अर्धी काच तुम्हीच बंद केली होती. ज्या दिवशी माझी माळ काढायची होती त्या दिवशी मला देव केले आणि ज्या दिवशी माझ्यावर शंका घ्यायची होती त्या दिवशीही देवच केले. देवाची साक्ष कोण तपासणार?

झुलाल जीप घेऊन तिकडेच अडकला होता. हिवतापाच्या फवारणीसाठी गाडी पंधरा दिवस डोंगरात ठेवून घेतली होती आणि तिथला फोन पहिल्याच दिवशी बंद पडला होता. "तो आला की विचारू," असे ठरले. पण तोवर थांबायचे कुणाला सुचले नाही. रोजंदारीच्या माणसाला काढायला कागद लागत नाही. "उद्यापासून येऊ नको," एवढे पुरते. अकरा वर्षांचे काम तीन शब्दांत संपले. गावात बातमी पसरायला तितकाही वेळ लागला नाही. नानीबाईने लस विकली, असेही कुणी म्हणाले. कुणाला विकली, कधी विकली, कशाला विचारायचे? टेपवर होते ना!

पाचव्या दिवशी कौतिकभाऊ परत आले. डॉक्टरांनी विचारले. मी कान टवकारून ऐकत होतो. आता बोलतील, आता सुटेल बिचारी.

"मी ते बाराले निंघी गयतू, साहेब," कौतिकभाऊ म्हणाले.

सुटीवर असताना मागच्या दाराने आलो, पेटी दिली आणि लिहिली नाही, हे कबूल केले असते तर चौकशी लागली असती. निवृत्तीला दोन वर्षे होती. मला समजते. तो वाईट माणूस नव्हता. त्याने दोन बायांचा जीव वाचवायला हात पुढे केला होता. म्हणूनच मला त्याचा राग जास्त येतो. मग तो माझ्या खोलीत आला, पुढच्या दारापाशी स्टुलावर बसला आणि बराच वेळ नुसता चप्पल काढत-घालत राहिला. ते मी पाहिले, माझ्या उजव्या अर्ध्या डोळ्याने. तेही टेपवर आहे. ते कुणी लावून पाहिले नाही.

सोळाव्या दिवशी झुलाल परतला. जीपमधून उतरल्या उतरल्या कुणीतरी त्याला ताजी बातमी म्हणून नानीबाईची हकिकत सांगितली. तो अंगणातूनच ओरडत आत आला.

"कोनती पेटी? ती ते मी लई गऊ ना! नानीबाईनी गाडीमा ठेवी दिधी. दोन्ही बाया वाचन्यात, बठ्ठा पाडा देखी राह्यना व्हता. कोन म्हनस तिले चोर?"

आवाज ऐकून सगळे औषधांच्या खोलीत जमले. मग सगळे एकमेकांकडे पाहू लागले आणि मग, मित्रांनो, सगळे माझ्याकडे पाहू लागले. अभिमनभाऊ म्हणाले, "म्हणजे कॅमेरा बिघडलेला दिसतो."

लीलाधरांना जळगावहून बोलावले. ते आले, वर पाहिले आणि जागच्या जागी थबकले. झेंडू सुकून काळे पडले होते, कुंकू काचेला चिकटून कडक झाले होते. "अभिमनभाऊ, माणसाच्या डोळ्यात कुंकू भरून त्याला विचाराल का, समोर कोण होतं?"

"पूजेचं आहे हो ते. तुम्ही असं बोलू नये."

लीलाधर डॉक्टरांच्या खोलीत गेले. त्यांनी टेप लावली आणि सगळ्यांना डावीकडे पाहायला सांगितले. डावी बाजू काळी होती. नानीबाई दाराबाहेर गेल्यानंतर तिथे झेंडूंच्या फटींतून एकदम उजेड चमकला आणि पुन्हा अंधार झाला. मागचे दार उघडून बंद झाले होते. आत दुसरे माणूस होते. मी ते सोळा दिवस सांगत होतो! टेप पन्नास वेळा पाहिली गेली, पण डावीकडे कुणी पाहिले नाही, कारण बाई उजवीकडे होती.

तेव्हा कौतिकभाऊंनी तोंड उघडले. मान खाली घालून म्हणाले, "मीच दिधी." त्यांना समज देण्यात आली. मला भिंतीवरून उतरवण्यात आले. अहवालात लिहिले गेले, 'कॅमेरा सदोष असल्याने गैरसमज झाला.' लीलाधर ओरडले की यात काही दोष नाही, काच पुसा आणि पाहा. पण अहवालावर सही झाली होती. कौतिकभाऊ सदोष नव्हते, अभिमनभाऊ नव्हते, मोठे डॉक्टरही नव्हते. सदोष मी.

मला डॉक्टरांच्या टेबलावर ठेवले होते, तोंड दाराकडे करून. काच लीलाधरांनी स्वच्छ केली होती. वायर मात्र काढलेली होती. म्हणून यानंतर मी जे पाहिले ते कुठल्याच टेपवर नाही, आणि म्हणूनच ते मला तुम्हाला शब्दांत सांगावे लागते.

झुलाल नानीबाईला जीपमधून घेऊन आला. ती दारात उभी राहिली. मोठे डॉक्टर म्हणाले, "झालं गेलं विसरून जा, नानीबाई. उद्यापासून कामावर ये."

"मले ते दखाडा," ती म्हणाली. टीव्हीकडे तिने बोट केले.

टेप लावली. तिने ती एकदाच, शेवटपर्यंत पाहिली. "हाई मीच शे," ती म्हणाली. "पन हाई बठ्ठं नई शे." हे सगळे नाही, म्हणत होती ती. मग डॉक्टरांकडे वळून म्हणाली, "जेवढा लोकेसनी हाई देखं, तेवढा बठ्ठासले बलावा. त्यासना समोर सांगा, नानीबाई चोर नई शे. मंग मी येसू."

अभिमनभाऊंनी घड्याळाकडे पाहिले. "आता ओपीडीची वेळ आहे. सगळे कामात. नंतर बघू."

"मले चोर म्हनाले तवय येळ व्हता ना तुमले?"

डॉक्टर समोरचे कागद नीट करू लागले. नानीबाई पदर खोचून निघाली, तीच झपाझप चाल. झुलाल मागे धावला. बाकी कुणी खुर्चीवरून उठले नाही. ते 'नंतर' अजून आलेले नाही.

पुढे पाड्यांवरची माणसे येईनाशी झाली. झुलाल एकदा दारात उभा राहून सांगत होता, तिकडे लोक म्हणतात, जठे नानीबाईले चोर म्हंतस, तठे आपले काय म्हनतीन? ताप आला तरी ती घरीच थांबतात. दवाखान्याने पेटी हरवली नव्हती. दवाखान्याने काय हरवले ते कुठल्या चोपडीत नाही. मी मात्र त्याच औषधांच्या खोलीत, फळीवर, 'सदोष' अशी चिठ्ठी लावून पडलो आहे. माझ्या जागी दुसरा कॅमेरा आला. खंडेनवमीला त्यालाही टिळा लागला.

मित्रांनो, आता कॅमेरे वाढत चालले आहेत. उद्या तुमच्या शाळेत येतील, वाचनालयात येतील, एसटी स्टँडवर येतील. त्यांची काच पुसत जा. पूजा करायचीच तर फडक्याने करा. आम्हाला तेवढी पूजा पुरते. कार्ड खिळ्याला टांगू नका आणि पुढच्या दाराला कुलूप लावाल तर मागच्या दाराकडेही एकदा पाहा. पण काच कितीही लख्ख असली तरी कॅमेऱ्याला एक बाजू असतेच जी दिसत नाही. तेव्हा टीव्हीवर कुणी दिसले आणि तुमच्या मनात काही आले, तर टेप थांबवा, उठा आणि त्या माणसाला जाऊन विचारा, काय झाले होते? याला वीज लागत नाही.

त्या दिवशी नानीबाईला बोलावण्याआधी सगळे अर्धा तास टीव्हीसमोर उभे राहून तिला निरखत होते. मी तेव्हाही पाहत होतो. प्लायवूडच्या अलीकडे, त्यांच्यापासून चार पावलांवर, ती माझ्यासमोर फरशी पुसत होती.